रेणूंची कडी जुळविणारी आम्ले आणि कारखान्यामागचा नाला

कापूर, ओव्याचे फूल आणि पुदिन्याचे फूल हे तीन कोरडे पदार्थ एका बाटलीत घालून झाकण लावले, की थोड्याच वेळात त्यांचे पाणी होते. घरोघरी ठेवली जाणारी अमृतधारा ती हीच. रसायनशास्त्राच्या दृष्टीने या तिघांचे नाते जवळचे आहे. तिन्ही रेणूंत दहा कार्बन आणि एक ऑक्सिजन असतो, आणि तिन्हींत सहा कार्बनांचे एक कडे म्हणजे वलय असते. यांपैकी पुदिन्याचे फूल, अर्थात मेन्थॉल, वनस्पतीत तयार होते. तसेच ते कारखान्यातही तयार करता येते. कारखान्यात करायचे तर कार्बनची सुटी साखळी वाकवून तिची दोन टोके जुळवावी लागतात. नुसती जुळवूनही भागत नाही. ती एका विशिष्ट बाजूनेच जुळावी लागतात. हे काम करणाऱ्या मदतनिसांना 'लुईस आम्ल उत्प्रेरक' असे म्हणतात.

हा विषय केवळ पदव्युत्तर वर्गाच्या फळ्यापुरता आहे, असा समज होण्याची शक्यता आहे. मात्र ठाणे, डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ या पट्ट्यातील रहिवाशांना तो दूरचा नाही. रंग, औषधे व सुगंधी द्रव्ये यांसाठी लागणारी मध्यवर्ती रसायने तयार करणाऱ्या उद्योगांत लुईस आम्ले नित्य वापरली जातात. त्यांपैकी अ‍ॅल्युमिनियम क्लोराईड हे सर्वांत जुने आणि स्वस्त. ते कसे वापरले जाते, किती वापरले जाते आणि काम झाल्यावर त्याचे काय होते, या तीन प्रश्नांचा संबंध थेट सांडपाण्याशी येतो. रेणू योग्य बाजूने जुळविण्याची कला आणि नाला स्वच्छ ठेवण्याची गरज या दोन गोष्टी वाटतात तितक्या वेगळ्या नाहीत.

<b>तुरटीतले आम्ल</b>

आम्ल म्हटले की लिंबू, चिंच, व्हिनेगर डोळ्यांपुढे येतात. ही आम्ले पाण्यात हायड्रोजनचा धनभारित कण सोडतात. १९२३ साली अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट न्यूटन लुईस यांनी आम्लाकडे अधिक व्यापक दृष्टीने पाहिले. ज्याला इलेक्ट्रॉनची जोडी हवी आहे आणि जे ती स्वीकारू शकते ते आम्ल, तर ज्याच्यापाशी देण्याजोगी जोडी आहे ते अल्करी, अशी त्यांची मांडणी होती. या व्याख्येत हायड्रोजनचा कण बसतोच; पण हायड्रोजनचा मागमूसही नसलेले अनेक पदार्थ आम्लांच्या पंगतीत येऊन बसतात. अ‍ॅल्युमिनियम क्लोराईड, झिंक ब्रोमाईड, बोरॉन ट्रायफ्लोराईड, टिटॅनियम टेट्राक्लोराईड ही त्यांतील परिचित नावे होत.

याचे घरातले उदाहरण म्हणजे तुरटी. पावसाळ्यात गढूळ पाणी आले की त्यात तुरटी फिरविण्याची पद्धत जुनी आहे. तुरटी जिभेला आंबट-तुरट लागते. तिच्यातील अ‍ॅल्युमिनियम पाण्याच्या रेणूतील ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढते. या ओढीमुळे पाण्याच्या रेणूतील हायड्रोजन सैल होऊन सुटतो आणि पाणी किंचित आम्लधर्मी होते. अ‍ॅल्युमिनियमचा चिकट साका तयार होतो व तो गाळाला घेऊन तळाशी बसतो. पाण्यातील ऑक्सिजनवर चालणारी ही ओढ हेच लुईस आम्लाचे मूळ लक्षण आहे.

कोरड्या अ‍ॅल्युमिनियम क्लोराईडमध्ये ही ओढ कितीतरी पटींनी तीव्र असते. त्यातील अ‍ॅल्युमिनियमभोवती आठ इलेक्ट्रॉन हवे असताना सहाच असतात. त्यामुळे जवळपास एखाद्या ऑक्सिजनवर मोकळी जोडी दिसली की ते तिला धरते. सेंद्रिय रेणूतील ऑक्सिजन असा धरला गेला, की त्या ऑक्सिजनला जोडलेल्या कार्बनकडील इलेक्ट्रॉनही खेचले जातात. कार्बन इलेक्ट्रॉनांना मोताद होतो आणि दुसरीकडून ते मिळविण्यासाठी आतुर होतो. अशा वेळी इलेक्ट्रॉनांनी समृद्ध असलेला एखादा दुहेरी बंध समोर आला, की दोघांमध्ये नवा बंध जुळतो. काम झाल्यावर लुईस आम्ल मोकळे होते आणि पुढच्या रेणूला धरते. निदान अपेक्षा तरी तशी असते.

या ओढीचे सामर्थ्य किती, हे १९६० साली पीटर येट्स व फिलिप ईटन यांनी दाखवून दिले. जर्मन शास्त्रज्ञ ओटो डील्स आणि कुर्ट आल्डर यांनी १९२८ साली प्रसिद्ध केलेली व १९५०चे नोबेल पारितोषिक मिळवून देणारी एक अभिक्रिया आहे. तीत चार कार्बनांचा एक तुकडा व दोन कार्बनांचा दुसरा तुकडा एकमेकांना दोन्ही टोकांनी भिडतात आणि एका दमात सहा कार्बनांचे वलय तयार होते. येट्स व ईटन यांनी अँथ्रासीन आणि मॅलेइक अ‍ॅनहायड्राईड यांच्यात ही अभिक्रिया घडविली. साध्या तापमानाला ती जवळजवळ पूर्ण व्हायला अंदाजे ४,८०० तास, म्हणजे दोनशे दिवस लागले असते. अ‍ॅल्युमिनियम क्लोराईड घातल्यावर तिला दीड मिनिट पुरले.

<b>बाळंतशेपा आणि पुदिना</b>

वेग हा लुईस आम्लाचा एक गुण झाला. दुसरा गुण अधिक सूक्ष्म आहे, आणि तो समजण्यासाठी रेणूंना डावे-उजवे हात असतात, ही गोष्ट ध्यानात घ्यावी लागते.

उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात बसत नाही. दोन्ही हातांत पाच बोटे, तीच लांबी, तोच क्रम. तरीही एक हात दुसऱ्याची आरशातील प्रतिमा असतो, तंतोतंत नक्कल नव्हे. कार्बनच्या एका अणूला चार निरनिराळे गट जोडलेले असतील तर तेथेही हाच प्रकार होतो. कार्व्होन नावाचा रेणू याचे चांगले उदाहरण आहे. त्याचे एक रूप पुदिन्याच्या एका जातीत असते आणि तिला तिचा ओळखीचा वास देते. त्याचेच आरशातील रूप बाळंतशेपात असते. अणू तेच, बंध तेच, वजनही तेच. पण एकाचा वास चटणीची आठवण करून देतो, तर दुसऱ्याचा बाळंतिणीच्या खोलीची. नाकातील ग्राहक प्रथिने स्वतःच एका हाताची असल्यामुळे त्यांना हा फरक कळतो. औषधांच्या बाबतीत हा फरक वासापुरता राहत नाही. एका हाताचा रेणू गुणकारी आणि दुसरा निरुपयोगी किंवा अपायकारकही असू शकतो.

मेन्थॉलच्या रेणूत असे तीन कार्बन आहेत. प्रत्येकाला दोन पर्याय, म्हणजे एकूण आठ रूपे. या आठांपैकी एकच रूप पुदिन्याच्या फुलाचा तो लख्ख गारवा देते. त्याला वाममेन्थॉल म्हणता येईल. त्याची आरशातील प्रतिमा बरीच कमी गारवा देते आणि उरलेली सहा रूपे वासाने व परिणामाने वेगळी ठरतात. हा गारवा म्हणजे तापमान उतरणे नव्हे. त्वचेतील थंडी ओळखणाऱ्या चेतातंतूंवर एक विशिष्ट ग्राहक प्रथिन असते व मेन्थॉल त्याला चाळवते. हे प्रथिन २००२ साली ओळखले गेले. त्या शोधात सहभागी असलेल्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापौटियन यांना तापमान व स्पर्श यांच्या संवेदनांवरील कार्यासाठी २०२१ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पुदिन्याचे रोप आठांपैकी मुख्यतः हेच एक रूप तयार करते. भारतात मेन्थॉल मुख्यतः शेतातून येते. उत्तर प्रदेशात बाराबंकीसारख्या जिल्ह्यांत मेंथाची मोठी लागवड होते. मात्र शेतमालाचे उत्पादन पावसापाण्यावर आणि भाव बाजारावर अवलंबून असतो. त्यामुळे कारखान्यात मेन्थॉल तयार करण्याची धडपड जगभर चालू राहिली. आठांतून एक रूप निवडायचे हेच तेथे खरे आव्हान होते.

<b>साखळीचे कडे कसे होते?</b>

जपानमधील ताकासागो या सुगंधी द्रव्यांच्या कंपनीने १९८३ पासून वापरात आणलेली पद्धत या क्षेत्रात आदर्श मानली जाते. तिच्यात पाइनच्या झाडापासून मिळणाऱ्या टर्पेंटाइनमधील एका घटकापासून मायर्सीन मिळवितात आणि त्यातून टप्प्याटप्प्याने सिट्रोनेलाल तयार करतात. डास पळविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सिट्रोनेला तेलातही हाच पदार्थ असतो. परंतु तेलातील सिट्रोनेलाल पुरेसे एकाच हाताचे नसते. म्हणून कंपनीने र्‍होडियम धातूच्या एका खास उत्प्रेरकाच्या साह्याने जवळजवळ पूर्णपणे एका हाताचे सिट्रोनेलाल मिळविले. या टप्प्यामागे र्‍योजी नोयोरी यांचे संशोधन होते. त्यांना २००१ साली विल्यम नोल्स व बॅरी शार्पलेस यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

लुईस आम्लाची कामगिरी त्यानंतर सुरू होते. सिट्रोनेलाल ही कार्बनची सुटी साखळी आहे. तिच्या एका टोकाला ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेला असतो, तर दुसऱ्या टोकाकडे दोन कार्बनांमध्ये दुहेरी बंध असतो. झिंक ब्रोमाईड घातले की जस्त त्या ऑक्सिजनची इलेक्ट्रॉन जोडी धरते. शेजारचा कार्बन इलेक्ट्रॉनांसाठी आतुर होतो, साखळी वाकते, पलीकडचा दुहेरी बंध त्या कार्बनला भिडतो आणि सहा कार्बनांचे कडे मिटते. त्याच क्षणी एक हायड्रोजन जागा बदलून ऑक्सिजनकडे जातो. तयार झालेल्या पदार्थाला आयसोप्युलेगॉल म्हणतात. त्याच्या बाजूच्या फांदीवर उरलेल्या दुहेरी बंधात निकेलच्या साह्याने हायड्रोजन भरला, की मेन्थॉल तयार.

कडे मिटताना दोन नवे 'हातवाले' कार्बन जन्मास येतात. म्हणजे सिट्रोनेलाल एकाच हाताचे असले तरी चार प्रकारची आयसोप्युलेगॉले तयार होऊ शकतात. त्यांतील एकच हवे असते. ते निवडले कसे जाते?

सहा कार्बनांचे वलय सपाट नसते. पाठ, बैठक आणि पाय टेकण्याची जागा असलेल्या आरामखुर्चीसारखा त्याचा आकार असतो. या खुर्चीच्या प्रत्येक कार्बनवरील गटाला दोन जागा उपलब्ध असतात. एक सरळ वर किंवा खाली, आणि दुसरी बाजूला पसरून. वर-खाली बसणारे गट एकमेकांना अडचण करतात. बाजूला पसरलेले मोकळे राहतात. साखळी वाकत असतानाच हा खुर्चीचा आकार येऊ लागतो. सिट्रोनेलालमध्ये आधीपासून असलेला कार्बनचा छोटा गट बाजूची जागा पकडतो. जस्ताला चिकटलेला ऑक्सिजन आता एकटा राहिलेला नसून चांगलाच बोजड झालेला असतो, म्हणून तोही बाजूलाच जातो. तिसऱ्या गटालाही बाजूलाच जावे लागते. तिन्ही गट बाजूला पसरलेले रूप म्हणजेच हवे असलेले आयसोप्युलेगॉल. थोडक्यात, लुईस आम्ल केवळ कार्बनला आतुर करीत नाही, तर स्वतःच्या आकारमानामुळे रेणूला विशिष्ट बैठक घ्यायला लावते.

झिंक ब्रोमाईड वापरले असता शंभर रेणूंपैकी नव्वदहून अधिक रेणू हव्या त्या रूपाचे मिळतात. ऑक्सिजनवरचे ओझे आणखी मोठे केले तर? या विचारातून अ‍ॅल्युमिनियमभोवती फिनॉलच्या जातीचे तीन जाडजूड गट बसविलेले उत्प्रेरक पुढे आले. एवढा मोठा भार घेऊन ऑक्सिजनला वर किंवा खाली बसणे जवळजवळ अशक्य होते आणि हव्या त्या रूपाचे प्रमाण शंभरात नव्याण्णवच्या वर जाते. शिवाय हा उत्प्रेरक अल्प मात्रेत पुरतो.

<b>मेन्थॉलच जेव्हा शिकवू लागते</b>

सिट्रोनेलालच्या बाबतीत एक हात आधीच ठरलेला असतो आणि लुईस आम्ल त्याच्या धोरणाने पुढचे ठरविते. पण सुरुवातीच्या पदार्थाला हातच नसेल तर? तेथे हात उत्प्रेरकालाच असावा लागतो. १९७९ साली जपानमध्ये केंजी कोगा व त्यांच्या सहकाऱ्यांनी या दिशेने एक महत्त्वाचे पाऊल टाकले. त्यांनी अ‍ॅल्युमिनियम क्लोराईडमधील एका क्लोरीनच्या जागी मेन्थॉल बसविले. हे मेन्थॉलधारी अ‍ॅल्युमिनियम घालून डील्स-आल्डर अभिक्रिया केली असता वलयाची दोन आरशातील रूपे समसमान न मिळता शंभरात ८६ रेणू एका हाताचे व १४ दुसऱ्या हाताचे मिळाले. निसर्गाने एका हाताचे घडविलेले मेन्थॉल आपला हात दुसऱ्या रेणूला शिकवू लागले, असेच याचे वर्णन करावे लागेल.

त्यानंतरच्या दशकांत बोरॉन, टिटॅनियम, तांबे यांच्याभोवती अधिकाधिक नेमके गट बसविलेली लुईस आम्ले तयार झाली आणि ९५, ९९ अशा प्रमाणात एका हाताची वलये मिळू लागली. पुढे धातूविनाही हे काम होऊ शकते, असे डेव्हिड मॅकमिलन यांनी २००० साली दाखविले. त्यांनी एका छोट्या सेंद्रिय रेणूला उत्प्रेरक म्हणून वापरून डील्स-आल्डर अभिक्रियेत हात निवडला. बेंजामिन लिस्ट यांच्यासह त्यांना २०२१चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. मेन्थॉलचा गारवा ओळखणारे प्रथिन आणि हात निवडणारे उत्प्रेरक या दोन्ही विषयांचा गौरव एकाच वर्षी व्हावा, हा एक सुखद योगायोग.

<b>माटुंग्याची पावडर</b>

या कथेतील एक प्रकरण मध्य रेल्वेच्याच मार्गावर, माटुंग्याला घडले आहे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग सुरू झाला. 'यूडीसीटी' या आद्याक्षरांनी तो ठाणे जिल्ह्यातील प्रत्येक रसायन कारखान्यात ओळखला जातो. २००८ साली त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि 'इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी' हे नाव रूढ झाले. तेथील प्रा. गणपती यादव यांनी घन आम्ल उत्प्रेरकांवर दीर्घकाळ संशोधन केले. संस्थेचे नाव आणि उत्प्रेरक हा शब्द यांचा मेळ घालून त्यांनी आपल्या उत्प्रेरकांच्या मालिकेला 'यूडीकॅट' असे नाव दिले. १९९८ साली 'केमिकल कम्युनिकेशन्स' या ब्रिटिश नियतकालिकात या गटाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याचा विषय होता झिर्कोनियाच्या आधारावर बसविलेल्या घन आम्लाच्या साह्याने सिट्रोनेलालचे आयसोप्युलेगॉल करणे.

या कल्पनेचे महत्त्व वलय मिटण्यापेक्षा ते मिटल्यानंतरच्या टप्प्यात आहे. झिंक ब्रोमाईड किंवा अ‍ॅल्युमिनियम क्लोराईड अभिक्रियेच्या द्रवात मिसळून जाते. ते वेगळे काढायचे तर पाण्याने धुवावे लागते, आणि धुतले की ते पाण्याबरोबर जाते. घन उत्प्रेरक मात्र पावडरीच्या रूपात राहतो. काम झाले की गाळून घ्यावा, स्वच्छ करावा आणि पुढच्या बॅचला पुन्हा वापरावा. धुण्याचे पाणी वाचते आणि त्याबरोबर जाणारी धातूही वाचते. झिर्कोनियासारख्या घन आम्लांच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन स्वीकारणारी लुईस केंद्रे व हायड्रोजन देणारी केंद्रे दोन्ही असतात. त्यांची योग्य सांगड घालण्यातच अशा उत्प्रेरकाचे यश असते.

<b>डोंबिवलीचा हिशेब</b>

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झाले. ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत. डोंबिवलीची वसाहतही साठच्याच दशकातील. तेव्हा कारखान्यांभोवती मोकळी जमीन होती. पुढे शहर वाढत वाढत कारखान्याच्या भिंतीला येऊन टेकले. आज रिअ‍ॅक्टर आणि बाल्कनी यांच्यात काही ठिकाणी केवळ एका रस्त्याचे अंतर आहे. जानेवारी २०१४ मधील हिरवट पाऊस आणि फेब्रुवारी २०२० मधील गुलाबी रस्ता यांच्या बातम्या राज्यभर गाजल्या. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी झालेल्या भीषण स्फोटांत तर माणसे दगावली. या दुर्घटनांची कारणे निराळी होती, त्यांचा दोष लुईस आम्लांवर टाकता येणार नाही. तथापि शहराच्या मध्यात रसायने तयार करताना दर किलो मालामागे काय उरते, हा प्रश्न त्यांनी ऐरणीवर आणला.

हा हिशेब एका जुन्या अभिक्रियेवरून मांडता येतो. कापड रंगविण्याच्या अनेक रंगांचा पाया असलेले अँथ्राक्विनोन हे तीन वलयांचे संयुग आहे. थॅलिक अ‍ॅनहायड्राईड आणि बेंझीन यांपासून ते करण्याच्या पारंपरिक रीतीत अ‍ॅल्युमिनियम क्लोराईड वापरतात व मधले वलय शेवटी सल्फ्युरिक आम्लाने मिटवितात. फ्रान्समध्ये शार्ल फ्रीडेल आणि जेम्स क्राफ्ट्स यांनी १८७७ साली शोधलेल्या अभिक्रियेचेच हे रूप. येथे अ‍ॅल्युमिनियम क्लोराईड नावाला उत्प्रेरक असते. अभिक्रियेत तयार होणारा पदार्थ आपल्या ऑक्सिजनांनी त्याला इतका घट्ट धरून ठेवतो, की ते पुढच्या रेणूसाठी मोकळे होतच नाही. परिणामी थॅलिक अ‍ॅनहायड्राईडच्या दर रेणूमागे त्याचे निदान दोन रेणू घालावे लागतात. वजनात मांडायचे तर कागदावरच्या हिशेबाप्रमाणे २०८ किलो अँथ्राक्विनोन मिळविण्यासाठी सुमारे २६७ किलो अ‍ॅल्युमिनियम क्लोराईड लागते. मालापेक्षा मदतनीसच जड!

काम संपल्यावर हे सारे पाण्यात ओतून मोडावे लागते. पाण्याशी गाठ पडताच अ‍ॅल्युमिनियम क्लोराईड उसळते आणि हायड्रोजन क्लोराईडचा झोंबणारा वायू बाहेर पडतो. एक किलो अ‍ॅल्युमिनियम क्लोराईडपासून सुमारे ८२० ग्रॅम हायड्रोजन क्लोराईड मिळू शकतो. पावसाळ्यातील दमट हवेत ड्रमचे झाकण उघडे राहिले तरी पांढरा धूर दिसतो, तो यामुळेच. हा वायू स्क्रबरमध्ये पाण्याने वा कॉस्टिकने शोषून घ्यावा लागतो. उरलेले आम्लधर्मी पाणी चुन्याने उदासीन केले की अ‍ॅल्युमिनियमचा तोच चिकट साका बसतो, जो तुरटी फिरविल्यावर पातेल्याच्या तळाशी दिसतो. फक्त येथे तो टनावारी असतो आणि त्यात सेंद्रिय रसायनांचे अवशेष मिसळलेले असतात. तो घातक कचरा ठरला तर तळोज्यासारख्या ठिकाणच्या प्रक्रिया केंद्राकडे पाठवावा लागतो. यांपैकी एखादी पायरी चुकविली गेली, तर किंमत नाल्याला, पुढे उल्हास नदीला आणि खाडीला मोजावी लागते. उल्हास व वालधुनी या नद्यांच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, हे सर्वज्ञात आहे.

आता यात हाताचा प्रश्न मिळवून पाहावा. एखाद्या औषधाचे वलय मिटविताना दोन्ही हातांची रूपे निम्मी-निम्मी तयार झाली आणि त्यांतील एकच उपयोगी असेल, तर उरलेला निम्मा माल जन्मतःच कचरा असतो. त्याच्यासाठी कच्चा माल खर्ची पडलेला असतो, वीज व वाफ लागलेली असते, विद्रावक वापरलेला असतो. आणि त्याला वेगळे काढण्यासाठी आणखी विद्रावक लागतो. चुकीचे रूप पुन्हा कामी आणता आले तर ठीक, अन्यथा ते जाळावे लागते. म्हणजे हात निवडणारा उत्प्रेरक हा प्रदूषण निर्माण झाल्यावर त्याची विल्हेवाट लावत नाही, तर ते निर्माणच होऊ देत नाही. सांडपाणी प्रक्रिया केंद्र हे नाल्याच्या तोंडाशी उभे असते. योग्य लुईस आम्ल रिअ‍ॅक्टरच्या आत उभे असते.

रॉजर शेल्डन या रसायनशास्त्रज्ञांनी १९९२ साली यासाठी एक सोपे माप सुचविले. एक किलो माल तयार करताना किती किलो कचरा होतो, तो आकडा म्हणजे 'ई-फॅक्टर'. त्यांच्या मांडणीनुसार तेलशुद्धीकरणात हा आकडा ०.१ पेक्षाही कमी असतो. मोठ्या प्रमाणावर तयार होणाऱ्या रसायनांत तो साधारण १ ते ५, सूक्ष्म रसायनांत ५ ते ५०, तर औषधनिर्मितीत २५ पासून १०० च्याही पुढे जातो. माल जितका नाजूक आणि महाग, तितका कचरा अधिक, असे हे व्यस्त चित्र आहे. छोट्या बॅचमध्ये सूक्ष्म रसायने व औषधांचे घटक करणारे कारखाने ज्या वसाहतींत एकवटले आहेत, तेथे हा आकडा सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

<b>मग अडते कुठे?</b>

उत्तम उत्प्रेरक माहीत असूनही सर्वत्र वापरले जात नाहीत, याची कारणे समजून घ्यायला हवीत. अ‍ॅल्युमिनियम क्लोराईड स्वस्त आहे, बाजारात सहज मिळते आणि कारागिरांना त्याची सवय आहे. याउलट जाडजूड गट बसविलेली लुईस आम्ले ओलाव्याने लगेच निकामी होतात. त्यांच्यासाठी कोरडा विद्रावक, नायट्रोजनचे आवरण आणि काटेकोर हाताळणी लागते. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात ही गोष्ट सोपी नाही. र्‍होडियमसारखा धातू महाग असल्याने त्याचा कणन् कण परत मिळविता आला तरच परवडतो. घन उत्प्रेरक गाळून घेता येत असले तरी त्यांच्या छिद्रांत चिकट अवशेष बसून ते थकतात, आणि हात निवडण्यात ते सुट्या रेणूंच्या उत्प्रेरकांची बरोबरी नेहमीच करू शकत नाहीत. त्यात प्रत्येक रेणूची तऱ्हा निराळी. सिट्रोनेलालला लागू पडलेली युक्ती दुसऱ्या साखळीला लागू पडेलच असे नाही. संशोधनाची नवी फेरी करावी लागते आणि लहान कारखान्याकडे त्यासाठी प्रयोगशाळा नसते.

जेथे अ‍ॅल्युमिनियम क्लोराईडला पर्याय नाही, तेथेही मार्ग आहे. वापरून झालेल्या त्याच्या द्रावणातील सेंद्रिय अवशेष काढून टाकले, तर त्यापासून पाणी स्वच्छ करण्याचे पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराईड करता येते. एका कारखान्याचा कचरा दुसऱ्याचा कच्चा माल ठरतो. २०१६च्या घातक कचराविषयक नियमांत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीने असा पुनर्वापर करण्याची तरतूद आहे. अट एवढीच, की अवशेष खरोखर काढलेले असावेत. नाहीतर शुद्धीकरणाच्या नावाखाली तीच घाण दुसऱ्या पाण्यात जायची.

धोकादायक कारखाने डोंबिवलीतून हलविण्याचा विचार शासनपातळीवर अनेकदा झाला. २०२२ साली त्यांना पाताळगंगा येथे नेण्याचा निर्णयही जाहीर झाला. स्थलांतराने शेजाऱ्यांचा धोका कमी होतो, यात शंका नाही. परंतु दर किलो मालामागचा कचरा तोच राहिला, तर बदलते ते फक्त नदीचे नाव. अभिक्रिया बदलली तर मात्र कचऱ्याचे मूळच उपटले जाते. त्यासाठी ठाणे-कल्याणच्या महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडणारे रसायनशास्त्राचे पदवीधर, माटुंग्यासारख्या संस्थांतील ज्ञान आणि कारखान्यांचा अनुभव ही तिन्ही साधने एकाच रेल्वेमार्गावर उपलब्ध आहेत. कारखान्याकडून नागरिकांनी आणि नियामकांनी 'सांडपाणी प्रक्रिया करता का' एवढेच विचारून थांबू नये. एक किलो मालामागे किती किलो कचरा होतो आणि गेल्या वर्षी तो किती होता, हेही विचारायला हवे. उत्तराचा आकडा कमी होत गेला, तर त्या कारखान्यात कुठेतरी एक रेणू योग्य बाजूने वळू लागला आहे, असे समजायला हरकत नाही.